सारात बुडवलेली चिंधी

संपादकांनी पत्रात मला ‘म्हैसूरच्या सुप्रसिद्ध पाककुशल लेखिका’ म्हटलं आहे. ते पत्र मी नातसुनेकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं. दुसऱ्यांदा, कारण तोवर शेजारीण ऐकायला आली होती. वयानं माणूस सुधारतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्याकडे बघावं.

कारकीर्द लिहा म्हणतात. कुठे जन्मले, कधी लग्न झालं, किती पंगती उठवल्या. त्यात मला रस नाही आणि तुम्हालाही नसणार. एका चिंधीवर माझं नाव झालं आणि त्याच चिंधीवर ते उडालं, एवढंच सांगण्याजोगं आहे. पण ते आठवायला घेतलं की अजून माझा पाय एका जागी ठरत नाही. हे लिहिताना मी चारदा उठून चुलीवरचं दूध बघून आले, आणि चुलीवर दूध नाही.

आमचं घर रंगाऱ्यांचं. कितवा पूर्वज म्हैसुरात आला कुणास ठाऊक. घरात मराठी, अंगणात कन्नड आणि भांडण दोन्हीत, अशी आमची रीत. अप्पांच्या शेडमध्ये नीळ, मंजिष्ठ, हिरडा, तुरटी यांचा वास भरलेला असायचा. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तिच्या पानापानावर कापडाच्या चिंध्या चिकटवलेल्या आणि खाली रंगाचं नाव. गिऱ्हाईक वहीत बोट ठेवून सांगायचं, हा रंग हवा. मग अप्पा रंगाच्या भांड्यात पांढरी चिंधी बुडवायचे, सावलीत वाळवायचे आणि वहीतल्या चिंधीशेजारी धरायचे. जुळली की सगळं कापड आत. ओल्या चिंधीवर विश्वास ठेवायचा नाही, ती नेहमी गडद दिसते.

मी लहानपणी दाराशी बसून तयार कापडं गिऱ्हाइकांच्या हातात द्यायचे. पिवळं कापड असलं की म्हणायचं, “हळदीचं आहे, उन्हात वाळवू नका हं.” कारण हळद हा कच्चा रंग. उन्हानं उडतो. हे वाक्य मी हजारदा तरी म्हटलं असेल. तुम्ही ते लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

लग्नानंतर मी बायजाक्काच्या हाताखाली लागले. बायजाक्का घोडदळातल्या मराठा घरची, विधवा, अंगानं काठी आणि आवाजानं नगारा. आमच्या रंगाऱ्यांच्या, शिंप्यांच्या, शिपायांच्या घरची सगळी लग्नं, सगळी देवकार्यं तिच्याच हातची. माझं काम भाज्या चिरायचं. मला वाटायचं मी फार छान चिरते. बायजाक्का म्हणायची, “गोदे, तू चिरतेस कमी आणि इकडं-तिकडं बघतेस जास्त, अल्वा?” प्रत्येक वाक्याच्या शेवटी ती हे ‘अल्वा’ लावायची, म्हणजे ‘हो की नाही?’ उत्तर मात्र तिला कधी नको असायचं.

हे काम बाहेरून दिसतं तसं नसतं. लोकांना वाटतं, हजार माणसांचा स्वयंपाक म्हणजे दहा माणसांच्या स्वयंपाकाची शंभरपट. तसं केलंत तर पंगतीतून पळून जावं लागेल. मोठ्या हंड्यातून वाफ त्या मानानं कमी जाते, म्हणून पाणी शंभरपट लागत नाही. मिरचीही नाही. मीठ तर मुळीच नाही. बरं, एवढं करून चव बघावी म्हटलं तर सोय नाही, कारण देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत अन्नाला जीभ लावायची नाही. नैवेद्य झाला की लगेच पानं वाढायची. म्हणजे चूक कळते तेव्हा ती पाचशे लोकांच्या पानात पडलेली असते.

बायजाक्का नाकावर चालायची. हंड्यापाशी पाट घेऊन बसायची, डोळे मिटायची आणि वाफ अंगावर घ्यायची. “चिंच कच्ची आहे. धने अजून एक ओंजळ. आता झाकण ठेव.” तिच्या साराला म्हैसुरात तोड नव्हती. सार म्हणजे तुमच्या कोकणातल्यासारखं नव्हे. तुरीच्या डाळीचं पाणी, चिंच, हळद, भाजलेल्या मसाल्याची पूड, असं आमच्याकडचं पातळ सार, भातावर घ्यायचं. पंगतीची अब्रू त्यावर असते. जिलबी बिघडली तर लोक हसतात, सार बिघडलं तर पुढच्या लग्नाला दुसरी आचारीण येते.

एका देवकार्यात बायजाक्काला सर्दी झाली. ती हंड्यापाशी बसली, डोळे मिटले, पुन्हा पुन्हा वाफ अंगावर घेतली. मग मला जवळ बोलावून कानात म्हणाली, “गोदे, मला कसलाच वास येत नाही ग.” तिचा नगाऱ्यासारखा आवाज इतका बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला.

मला काही सुचलं असं नाही. मला स्वस्थ बसवत नव्हतं, एवढंच खरं. हंडा उतरवायचं एक पांढरं फडकं होतं, त्यावर आठवड्यापूर्वीच्या सगळ्यांनी वाखाणलेल्या साराचा डाग होता. भांड्यांच्या पेटीत घडी करून राहिल्यामुळे तो जसाच्या तसा होता. मी जुन्या पंच्याची चिंधी फाडली, सारात बुडवली, तुळशीवृंदावनामागच्या सावलीत पळत जाऊन वाळवली आणि डागाशेजारी धरली. फिकी. मी बायजाक्काला सांगितलं, तिनं पूड वाढवली. पुन्हा चिंधी, पुन्हा सावली. तिसरी चिंधी जुळली. मिठाचं काय म्हणाल, तर ते चिंधीला कळत नाही. ते बायजाक्कानं मुठीच्या अंदाजानं टाकलं. त्या दिवशी पंगतीत सार तीनदा फिरवावं लागलं.

झालं. दुसऱ्या दिवशी बाजारात बायका माझ्याकडे बोट दाखवायला लागल्या. महिनाभरात मी कमरेला पांढऱ्या चिंध्यांचा जुडगा लावून हिंडायला लागले, भाजी आणायला जातानासुद्धा. एका बड्या अधिकाऱ्याच्या घरी डोहाळजेवण होतं, तिथे पाहुण्या बायका आत स्वयंपाकघरात येऊन बसल्या, मी चिंधी बुडवते ते बघायला. मी चिंधी उजेडात धरायचे, एक डोळा मिटायचे आणि उगाच थोडं थांबायचे. थांबायची काही गरज नसायची, रंग तेव्हाच दिसलेला असायचा. पण थांबलं की बायकांचा श्वास अडकायचा, ते मला फार आवडायचं.

मग बायकांच्या एका समाजात दर महिन्याला मला पाककृती करून दाखवायला बोलावू लागले. मग दसऱ्याच्या प्रदर्शनात माझी जागा झाली. आणि मग मला वाटलं, आता पुस्तक.

पुस्तकाचं नाव इतकं लांबलचक ठेवलं होतं की मुखपृष्ठावर त्याला दोन ओळी लागल्या. लोक त्याला चिंधीचं पुस्तकच म्हणायचे. छापलं संस्कृत पोथ्या छापणाऱ्या एका छापखान्यात, कारण देवनागरी खिळे त्यांच्याकडेच होते. आत माझा फोटो. हातात डाव, दुसऱ्या हातात चिंधी, मान तिरकी. फोटोत पिवळीधमक चिंधी काळी आली. मी फोटोवाल्याशी भांडले, त्यानं सगळ्या चिंध्या आळीपाळीनं धरून बघितल्या, सगळ्या काळ्याच आल्या. तरी तो फोटो मी छापलाच. नथ छान आली होती.

या पुस्तकात मापं होती, पण नावापुरती. खरी गोष्ट म्हणजे प्रत्येक पानावर त्या त्या पदार्थात बुडवून वाळवलेली चिंधी चिकटवलेली, अप्पांच्या वहीसारखी. शंभर प्रती, बारा पदार्थ. बाराशे चिंध्या घरात दोऱ्यांवर वाळत होत्या आणि आमचं घर महिनाभर तेच ते सार जेवत होतं. आमच्या घरातल्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, एकदाच तोंड उघडलं. तेही रंगारीच. ते म्हणाले, “निदान तुरटीत तरी बुडवून घे कापड. नाहीतर हळद टिकायची नाही.” मी म्हणाले, हे स्वयंपाकाचं पुस्तक आहे, तुमच्या शेडमधलं कापड नाही. ते म्हणाले, “बरं.” त्यांच्या ‘बरं’ला मी त्या काळात होकार समजायचे.

साराच्या पानावर मी एक वाक्य मोठ्या टायपात छापून घेतलं होतं. ते मला अजून पाठ आहे, आणि दुर्दैवानं दुसऱ्याही एकीला पाठ झालं: ‘चिंधीशी रंग जुळल्याखेरीज हंडा उतरू नये, गडद भासल्यास कढत पाणी घालावे, नाकास, जिभेस अथवा शेजारणीस विचारू नये.’

बायजाक्काला तोवर दिसेनासं झालं होतं. ती हुणसूरच्या रस्त्यावर हिनकलला मुलाच्या घरी पडून असायची. पहिली प्रत मी तिला नेऊन दिली. तिनं ती नाकापाशी धरली. “शाईचा वास येतोय,” म्हणाली. मग माझा हात धरला. तिची नात तुळसा सरगूरला दिली होती. नवरा घोड्यावरून पडून पायानं अधू झाला, नोकरी सुटली, जमिनीचा तुकडा एवढासा. तुळसाला आजीसारखं पंगतींचं काम करायचं होतं. गावच्या गौडांनी, म्हणजे पाटलांनी, आपल्या घरचं देवकार्य तिला द्यायचं कबूल केलं होतं, एकदा बघू म्हणून. जमलं तर त्या बाजूची सगळी लग्नं तिची. नाही जमलं तर काम नेहमीसारखं नंजनगूडच्या आचाऱ्याकडे.

“महिनाभर तिला तुझ्याबरोबर ठेव,” बायजाक्का म्हणाली. “हात धरून शिकव. मी तुला शिकवलं तसं, अल्वा?”

मला महिनाभर वेळ नव्हता. मला समाजात जायचं होतं, प्रदर्शनात बसायचं होतं, लोकांच्या नजरेत हिंडायचं होतं. मी म्हणाले, “अक्का, पुस्तक देते की तिला. त्यात सगळं आहे.” बायजाक्कानं हात सोडला. तुळसा येऊन प्रत घेऊन गेली. जाताना ती माझ्या पाया पडली आणि मी तिला पडू दिलं.

पहिली तक्रार आली ती एका कारकुनाच्या बायकोची. ती फार टापटिपीची. साराच्या चिंधीवर तेलाचा बोटभर डाग पडला म्हणून तिनं ती साबणानं धुतली. हळदीला साबण लागला की ती कुंकवासारखी लाल होते. रंगाऱ्याच्या घरात हे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. बाईंनी चिंधी जुळेपर्यंत मिरच्या घातल्या. त्यांच्या यजमानांनी मला चार पानी पत्र लिहिलं, शेवटच्या पानावरची शाई फुटली होती, डोळ्यांतल्या पाण्यानं असावी. मी ते पत्र समाजात वाचून दाखवलं आणि सगळ्याजणी पोट धरून हसलो. मीही हसले. हळद किती नाजूक रंग आहे, असं मी त्यांना सांगितलंसुद्धा. सांगितलं आणि पुढच्या पदार्थाकडे वळले.

डोळे उघडले ते दोन महिन्यांनी, त्याच समाजाच्या दिवाणखान्यात. त्यांनी माझं पुस्तक साराचं पान उघडून खिडकीत ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. मी सार केलं, चिंधी बुडवली, पंख्यानं वाळवली, एक डोळा मिटून उजेडात धरली आणि नेहमीसारखी थांबले. मग पुस्तकातल्या चिंधीशेजारी नेली.

पुस्तकातली चिंधी पांढरी होती. अगदी पांढरी नव्हे. पावसात राहिलेल्या गवतासारखी.

बायका वाट बघत होत्या. मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही, आणि पुस्तक मिटलं. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. आठ दिवसांपूर्वी तुळसाचं पत्र आलं होतं. देवकार्याचा दिवस ठरला, तुम्ही आशीर्वाद द्या. आणि खाली: पुस्तक मी देवळीत खिडकीपाशी उघडं ठेवलं आहे, सूर्य उगवला की पहिलं ऊन त्यावर पडतं, मी हात जोडते आणि कामाला लागते.

तो दिवस दोन दिवसांवर आला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी निघाले. घरातल्यांना सांगितलं तुळसाला आशीर्वाद द्यायला जाते. ते म्हणाले, “बरं.” नंजनगूडपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी. आगगाडीत मी बसलेच नाही, उभी राहिले, उभं राहिलं की गाडी लवकर पोचते असं काहीतरी. बैलगाडीत तर जीव नकोसा झाला. बैल एक पाऊल टाकायचे आणि विचार करायचे. मी खाली उतरून चालायला लागले. गाडीवाला म्हणाला, “अम्मा, तुम्ही पुढं व्हा, मी बैलांना समजावून आणतो.” वाटेत एका ओळखीच्या घरी मुक्काम करावा लागला. पहाटेच मी गाडीवाल्याला हलवून उठवलं. अंगावर बारा दागिने आणि कमरेला चिंध्यांचा जुडगा. चिंध्या कशाला घेतल्या होत्या देव जाणे. सवय.

सगळ्या वाटेत मी एकच वाक्य घोळवत होते: तुळसा, पुस्तक बघू नकोस, माझी चूक झाली. एवढंच सांगायचं होतं. वेळेवर पोचले तर दोघींनाच कळलं असतं.

पोचले तेव्हा घंटा वाजत होती. नैवेद्य झाला होता आणि पहिली पंगत बसली होती.

तुळसा चुलींपाशी उभी होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिच्याशेजारी पाटावर पुस्तक उघडं होतं आणि त्या गवती रंगाच्या चिंधीला टाचणीनं लावलेली तिची चिंधी, तंतोतंत त्याच रंगाची. “अक्का, जुळली,” ती म्हणाली. “पहिल्यांदा फार गडद येत होती. कढत पाणी घातलं, पुस्तकात आहे तसं. चार घागरी घातल्या तेव्हा जुळली.” आणि माझं ते मोठ्या टायपातलं वाक्य तिनं मला म्हणून दाखवलं, शेजारणीपर्यंत.

मी काही बोलायच्या आत पंगतीत कुजबूज सुरू झाली. पानावरचं सार भातातून निघून पत्रावळीच्या कडेनं जमिनीवर चाललं होतं. एक म्हातारा वाढप्याला म्हणाला, हात धुवायचं पाणी आधीच का वाढलंत. लोक हसले. गौडा उठून मागच्या अंगणात आले, त्यांच्यामागे चारजण. गौडांना मी ठाऊक होते, प्रदर्शनात त्यांनी मला बघितलं होतं. त्यांनी हात जोडले. वाटीत सार घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

“नीवे हेळी, अक्का. तुम्हीच सांगा. हे कशानं झालं?”

आता बघा. वाक्य माझ्याजवळ तयार होतं. दोन दिवस घोळवून गुळगुळीत केलेलं. मी वाटीत बोट बुडवलं, जिभेला लावलं. तुळसा माझ्याकडे बघत होती. गौडांच्या घरातल्या बायका दारात गोळा झाल्या होत्या आणि एकीच्या हातात पाटावरून उचललेलं माझं पुस्तक होतं, फोटोचं पान उघडून ती माझी नथ ताडून बघत होती.

मी म्हणाले, “पाणी जास्त झालं.”

खोटं नव्हतं. त्याहून वाईट होतं.

तुळसानं पुस्तकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग गौडांना म्हणाली, “हो. माझाच हात चुकला.”

मला आग्रहानं जेवायला बसवलं. आहेर केला. तुळसा त्या दिवशी अंगणात पुन्हा दिसली नाही.

म्हैसुरात परतल्यावर घरी न जाता मी तशीच हिनकलला गेले. जायला नको होतं, पण पाय थांबत नव्हते म्हटलं ना. बायजाक्का भिंतीला टेकून बसली होती. “कसं झालं तुळसाचं?” तिनं विचारलं. मी म्हणाले, छान झालं. तिनं माझा पदर हातात घेतला, त्यावर सरगूरच्या साराचे शिंतोडे होते. नाकाशी नेला. बराच वेळ धरून बसली.

“हळद उतरली ग, गोदे,” ती म्हणाली, आणि पदर सोडून भिंतीकडे वळली. शेवटी ‘अल्वा’ म्हणाली नाही.

त्यानंतरचं वर्ष मी म्हैसूरभर पळत होते. ज्यांच्याकडे पुस्तक होतं त्यांच्या घरी जायचं, नवी आवृत्ती काढते आहे म्हणून सांगायचं, आणि चिंध्या फाडून आणायच्या. सोसल्याच्या मठापाशी राहणाऱ्या एका बाईंनी तर चिंध्या काढून गोधडीला लावल्या होत्या, मी गोधडी उसवायला बसले. बाईंना वाटलं मला वेड लागलं. जवळपास सगळ्या प्रती मी गोळा केल्या. सरगूरची सोडून. सरगूरला जायचं म्हटलं की मला काहीतरी काम निघायचं. आणि गंमत अशी, माझं नाव वाढतच होतं. चिंधीच्या बाई नवी आवृत्ती काढताहेत, एवढ्यावर वाढत होतं.

बायजाक्का गेली. तेराव्याला तुळसा आली आणि कुणाला न विचारता चुलीपाशी बसली. नैवेद्यापूर्वी तिनंही चव घेतली नाही. एक चिंधी बुडवली, वाळवली आणि पदराखालून पुस्तक काढलं. जेवताना मी पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. ते बायजाक्काचं सार होतं. नाकावरचं, डोळे मिटून केलेलं.

सगळे उठल्यावर मी ते पुस्तक मागितलं. ते फुगून दुप्पट जाड झालं होतं. साराच्या पानावर माझ्या चिंधीवर दुसरी चिंधी चिकटवलेली, तिच्यावर तिसरी, असा थर. वरची ताजी पिवळीधमक, खालच्या खाली फिकट होत गेलेल्या. सगळ्यात तळाशी माझी.

“दर महिन्याला नवी लावते,” तुळसा म्हणाली. “घरच्या स्वयंपाकात चव बघता येते ना. आजीसारखं लागलं की त्यात बुडवते. आणि पुस्तक पेटीत ठेवते. अंधारात.”

“तुला केव्हा कळलं?”

“त्याच दिवशी. वाटीत बोट घालायच्या आधी तुम्ही पुस्तकाकडे बघितलंत.”

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. “मग बोलली का नाहीस?”

“बोलून काय झालं असतं? दोघींचं नाव गेलं असतं. एकीचं तरी राहू दे म्हटलं.” ती भांडी आवरायला लागली. पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाली, “वर्षभर मला कुणी बोलावलं नाही, अक्का. आता माझं मला द्या.”

पुढच्याच महिन्यात सरगूरच्या गौडांचं पत्र आलं, मला. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि सगळी पंगत सुप्रसिद्ध गोदाक्कांनी करावी अशी विनंती होती. मी होकार कळवला. तुळसाला निरोप पाठवला की चुली तुझ्या ताब्यात. या वेळी बैलगाडीत मी बसून राहिले. बैलांनी किती विचार करायचा तेवढा केला.

गौडा मला घ्यायला दारात आले. मी मागच्या अंगणात गेले, कमरेचा जुडगा सोडून तुळसाच्या हातात दिला, दागिने उतरवून गाठोड्यात बांधले आणि विळी घेऊन भोपळ्यांच्या ढिगापाशी बसले. गौडा गोंधळले. थोड्या वेळानं पुन्हा आले. म्हणाले, अक्का, साराचं तेवढं तुम्ही बघा.

मी म्हणाले, “मी आज भोपळा चिरायला आले आहे, गौडरे. सार त्या बघतील.”

“पण मागच्या वेळी त्यांचा हात चुकला होता.”

“त्यांचा नाही. माझा.” मग दोन दिवस घोळवलेलं आणि वर्षभर गिळलेलं ते सगळं मी सांगितलं. हळद, ऊन, चिंधी, मोठ्या टायपातलं वाक्य. वाढपी थांबले, दारातल्या बायका थांबल्या. मला वाटलं होतं बोलून झाल्यावर फार हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. हाताला भोपळ्याचा चीक तेवढा लागला होता.

गौडांची म्हातारी आई खांबापाशी बसली होती, ती हसायला लागली. म्हणाली, “मग पुस्तकवालीला भोपळ्यापाशीच ठेवा. साकु.”

आमच्याकडे ‘साकु’ म्हणजे पुरे, यापुढे चर्चा नको. चर्चा झाली नाही. नैवेद्य दाखवला, पंगत बसली, सार चारदा फिरलं. त्या बाजूची लग्नं त्यानंतर तुळसाचीच झाली, आणि नंजनगूडचा तो आचारी तिच्यावर अजून राग धरून आहे असं ऐकते. माझी बातमी माझ्याआधी म्हैसुरात पोचली. समाजातून बोलावणं येईनासं झालं. नवी आवृत्ती निघाली नाही. घरातल्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं.” तेव्हा कुठे मला कळलं की त्यांचं ‘बरं’ किती प्रकारचं असतं.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. म्हातारी हसली, सगळे पांगले, आणि मी मान खाली घालून भराभर चिरत होते, दिसू नये म्हणून. तुळसा चुलीपासून उठून माझ्यापाशी आली. मला वाटलं आता ही काहीतरी मायेचं बोलणार. तिनं परातीतली एक फोड उचलली, उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि थांबली. हुबेहूब माझ्यासारखी.

“अक्का, फोडी मोठ्या झाल्यात,” म्हणाली.

मी त्या पुन्हा चिरल्या.